न पचणारे अन्न : जपानच्या कांतेनचा इतिहास

महाराष्ट्रातील किराणा दुकानांत ‘चायना ग्रास’ या नावाने पांढुरक्या, हलक्या धाग्यांचा जो जुडगा मिळतो, तो पदार्थ जपानात सतराव्या शतकापासून कांतेन म्हणून तयार होत आला आहे. प्रयोगशाळांमध्ये तोच अगर-अगर या मलायी नावाने वावरतो, आणि गेल्या काही दशकांत आहारजन्य लठ्ठपणावरचा एक संभाव्य उपाय म्हणून त्याच्याकडे वैद्यकाचे लक्ष गेले आहे. या पदार्थाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी, की तो मानवी शरीरात जवळजवळ पचत नाही हा त्याचा गुणधर्म प्रारंभापासून आजतागायत बदललेला नाही. बदलले आहे ते त्या गुणधर्माचे मोल. अन्नाची टंचाई असलेल्या समाजात ज्याच्यापासून ताकद मिळत नाही असे अन्न हा दोष होता, पोट भरूनही खाणे थांबत नाही अशा समाजात तोच गुण ठरला. हे स्थित्यंतर समजून घेतल्याशिवाय सागरी बहुशर्करांविषयी आज केले जाणारे दावे नीट तोलता येत नाहीत.

बहुशर्करा म्हणजे साध्या शर्करेचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. तांदळातील पिष्ट ही अशीच एक साखळी असून तिचे दुवे तोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, माणसाच्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असतात. म्हणून भात पचतो आणि त्याची शर्करा रक्तात उतरते. समुद्री शैवलांच्या पेशीभित्तिकांतील बहुशर्करांचे दुवे मात्र निराळ्या प्रकारचे असतात आणि त्यांना तोडणारे विकर माणसाजवळ नाही. लाल शैवलांत अगर आणि कॅराजिनन, तपकिरी शैवलांत अल्जिनेट आणि फ्युकॉयडन, तर कोळंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन आणि त्यापासून तयार होणारे कायटोसान, अशी या कुळातील प्रमुख नावे सांगता येतील. लाटांच्या सततच्या ओढाताणीत तुटू नये यासाठी शैवलाला लवचीक, पाणी धरून ठेवणाऱ्या भित्तिकांची गरज असते आणि ती गरज या बहुशर्करा भागवतात. अगरचे सामर्थ्य असे, की शंभर भाग पाण्यात त्याचा एक भाग विरघळवून थंड केला, तरी सारे मिश्रण थिजून घट्ट होते.

जपानात अगर खाण्याची रीत कांतेनहून कितीतरी जुनी आहे. तेंगुसा नावाचे लाल शैवल उकळून, गाळून, गार केले की जो थुलथुलीत पदार्थ तयार होतो त्याला तोकोरोतेन म्हणतात, आणि त्याच्या कच्च्या मालाचा उल्लेख आठव्या शतकातील नारा काळाच्या दप्तरांत तसेच दहाव्या शतकातील एंगिशिकी या राजकीय नियमसंग्रहात, किनाऱ्यावरील प्रांतांनी दरबाराकडे पाठवावयाच्या वस्तूंमध्ये येतो. दरबारात आणि बौद्ध मठांत सुरू झालेले हे खाणे पुढे उन्हाळ्यातले रस्त्यावरचे खाणे बनले. लाकडी साच्यातून दाबून त्याच्या शेवया पाडायच्या आणि पूर्व जपानात सिरका व सोया सॉस, तर ओसाका-क्योतोकडे काळ्या गुळासारख्या पाकाबरोबर त्या खायच्या, अशी ती पद्धत आजही टिकून आहे. शंभर ग्रॅम तोकोरोतेनमध्ये जेमतेम दोन किलोकॅलरी ऊर्जा असते. हा आकडा अर्थातच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हता, परंतु याने भूक भागत नाही, नुसता गारवा मिळतो, हे खाणाऱ्याला कळत असलेच पाहिजे.

तोकोरोतेनची अडचण अशी होती, की ते टिकत नाही आणि त्यातील बहुतेक वजन पाण्याचे असल्यामुळे दूर नेणेही परवडत नाही. ही अडचण कशी दूर झाली याची परंपरागत कथा क्योतोजवळच्या फुशिमी गावातील मिनो तारोझाएमोन या खानावळवाल्याची आहे. सात्सुमाचे सरदार शिमाझू यांच्या मुक्कामात उरलेले तोकोरोतेन त्याने हिवाळ्यात बाहेर टाकले, रात्री ते गोठले, दिवसा वितळले, आणि काही दिवसांनी तेथे कोरडा, पांढरा, सच्छिद्र पदार्थ उरला. तो पुन्हा पाण्यात उकळला तेव्हा पहिल्याहून स्वच्छ आणि शेवाळाचा वास नसलेले तोकोरोतेन तयार झाले, असे ही कथा सांगते. ही घटना काही जण १६५८च्या सुमाराची मानतात, तर काही तिला आणखी मागे किंवा पुढे नेतात. चीनमधून १६५४ मध्ये जपानात आलेले आणि ओबाकू पंथाची स्थापना करणारे झेन भिक्षू इंगेन यांनी या पदार्थाला नाव दिले, असेही परंपरा मानते. शोधांच्या कथांत असा सोयीस्कर योगायोग वारंवार भेटतो, म्हणून खानावळवाल्याच्या व्यक्तिगत श्रेयाबद्दल इतिहासकाराने हात राखूनच लिहावे. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्योतोच्या परिसरात गोठवून वाळवण्याची रीत रुजली, इतके त्यातून निश्चितपणे घेता येते.

या रीतीमागील कारण समजण्यासारखे आहे. थिजलेल्या अगरमध्ये बहुशर्करेच्या साखळ्यांचे जाळे असते आणि पाणी त्या जाळ्यात अडकलेले असते. रात्रीच्या कडाक्यात पाण्याचे स्फटिक बनू लागले की ते जाळ्यापासून वेगळे होते. दिवसाच्या उन्हात हे बर्फ वितळून ठिबकून जाते आणि जाताना क्षार, रंगद्रव्ये व शेवाळाचा वास बरोबर घेऊन जाते. अगर थंड पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते मात्र मागे राहते. हा क्रम आठवडा-दोन आठवडे चालला की कांतेन वाळून तयार होते. त्यासाठी रात्री पारा शून्याखाली जावा, दिवसा तो वर चढावा, आकाश निरभ्र असावे आणि बर्फवृष्टी फार होऊ नये, असे नेमके हवामान लागते. त्यामुळे समुद्रातून निघणाऱ्या या मालाचे उत्पादन समुद्रापासून दूर, डोंगराळ खोऱ्यांत स्थिरावले.

प्रथम हा धंदा ओसाकाच्या उत्तरेकडील सेत्सूच्या डोंगरपट्ट्यात वाढला. तेथून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तेन्पो कालखंडात, कोबायाशी कुमेझाएमोन या फिरत्या व्यापाऱ्याने तो आपल्या मुलखात, म्हणजे आजच्या नागानो प्रांतातील सुवा-चिनो भागात नेला, असे मानले जाते. सुमारे आठशे मीटर उंचीवरचे हे खोरे कोरड्या, कडक थंडीसाठी प्रसिद्ध आहे. भाताची कापणी झाल्यावर रिकामी पडलेली शेते, हिवाळ्यात हाताला काम नसलेले शेतकरी आणि फुकटची थंडी, या तिन्ही गोष्टी कांतेनला तेथे आयत्या मिळाल्या. इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर बुडी मारणाऱ्या स्त्रिया, ज्यांना जपानात आमा म्हणतात, तेंगुसा काढीत. ते वाळवून, घाटरस्त्याने घोड्यांवर लादून डोंगरात आणले जाई. तेथे ते धुऊन, कांडून, मोठ्या कढयांत रात्रभर उकळायचे, फडक्यातून गाळायचे, लाकडी तबकांत ओतून थिजवायचे, त्याच्या लांबट वड्या कापायच्या आणि शेतात अंथरलेल्या पेंढ्याच्या चटयांवर ओळीने मांडायच्या, असे हे काम डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालत असे. थंडी ऐनवेळी ओसरली किंवा पाऊस आला तर हंगामाचे नुकसान होई, त्यामुळे आभाळाकडे डोळे लावणे हा या धंद्याचाच भाग होता. १९०५ मध्ये चुओ रेल्वेमार्ग चिनोपर्यंत पोहोचला तेव्हा कच्चा माल आणणे आणि तयार माल पाठवणे दोन्ही स्वस्त झाले. चिनोत वडीच्या आकाराचे कांतेन आजही उघड्या शेतात तयार होते; धाग्यांच्या रूपातील कांतेनसाठी गिफू प्रांतातील यामाओका हे गाव विसाव्या शतकात प्रसिद्धीस आले.

कांतेन हलके असल्यामुळे एदो काळातच ते नागासाकी बंदरातून चीनला निर्यात होऊ लागले. देशांतर्गत खप मात्र मुख्यतः मिठाईवाल्यांकडे होता, आणि लठ्ठपणाच्या संदर्भात या पदार्थाचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस एदो शहरात नेरी-योकान या मिठाईची चलती झाली. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे पुरण भरपूर साखर घालून आटवायचे आणि कांतेनच्या मदतीने त्याची घट्ट वडी पाडायची, अशी ही कृती आहे. साखरेमुळे योकान महिनोन्‌महिने टिकते आणि कांतेनमुळे ते आकार सोडत नाही. म्हणजे आज वजन घटवण्यासाठी ज्याची शिफारस केली जाते, त्या पदार्थाने आपल्या इतिहासातील बराचसा काळ साखर उचलून धरण्याचे काम केले आहे. मुंबईपुण्याकडे चायना ग्रास दूध आणि साखरेत आटवून त्याचे पुडिंग करण्याची जी रीत आहे, तीही त्याच वळणाची आहे. जिलेटिन हाडाकातड्यापासून निघत असल्यामुळे ते वर्ज्य मानणाऱ्या शाकाहारी घरांत अगरला जे स्थान मिळाले, तसेच स्थान त्याला जपानमधील बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकातही होते.

युरोपला या पदार्थाची रासायनिक ओळख १८५९ मध्ये झाली, जेव्हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी पूर्वेकडून आलेल्या नमुन्याचे विश्लेषण करून त्यातील थिजणाऱ्या घटकाला जेलोज असे नाव दिले. परंतु त्याचे खरे महत्त्व लक्षात आले ते स्वयंपाकघराच्या वाटेने. रोबर्ट कोख यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत १८८१च्या सुमारास वाल्टर हेस हे वैद्य हवेतील जीवाणूंवर काम करीत होते आणि त्यांची जिलेटिनची माध्यमे एक तर उन्हाळ्यात पातळ होत, नाही तर जीवाणूच ती खाऊन टाकीत. त्यांच्या पत्नी फॅनी अँजेलिना हेस यांचा जन्म न्यूयॉर्कमधील डच वंशाच्या कुटुंबात झालेला होता आणि जावा बेटावर राहून आलेल्या परिचितांकडून त्या घरात अगर वापरण्याची रीत आलेली होती. त्यांनी अगर सुचवले. ते पस्तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान थिजते, पण एकदा थिजले की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे शरीराच्या तापमानाला जीवाणू वाढवणे शक्य झाले. क्षयाच्या जंतूविषयीच्या १८८२च्या निबंधात कोख यांनी अगरचा ओझरता उल्लेख केला. हेस दाम्पत्याचे नाव मात्र त्यात नाही.

जीवाणुशास्त्राच्या इतिहासातील हा प्रसंग सर्वज्ञात असला, तरी त्यातला एक धागा सहसा कोणी आहाराच्या इतिहासाशी जोडत नाही. अगर प्रयोगशाळेत उपयोगी पडले, कारण बहुतेक जीवाणूंना ते खाता येत नाही. आणि ते पोटात न पचता पुढे सरकते तेही त्याच कारणाने, म्हणजे ते तोडणारे विकर माणसाकडे नाही आणि आतड्यातील बहुसंख्य जीवाणूंकडेही नाही म्हणून. नॉर्वेच्या एच. एच. ग्रान यांनी १९०२ मध्ये समुद्राच्या पाण्यातून अगर पचवणारा जीवाणू वेगळा काढला, तेव्हा शैवले जेथे कुजतात तेथेच ती क्षमता विकसित झालेली असावी, हे स्पष्ट झाले. या नोंदीचे महत्त्व आहारशास्त्राला कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

जपानी लोक एवढे शेवाळ खातात तर त्यातून त्यांना मिळते काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी गांभीर्याने विचारला गेला. अमेरिकेतील येल विद्यापीठात लाफायेत मेंडेल यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण जपानी संशोधक तादासू साइकी यांनी १९०६ मध्ये शैवलांतील बहुशर्करांच्या पचनीयतेवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच प्रयोगशाळेतील मेरी डेव्हिस स्वार्ट्झ यांनी १९११ मध्ये त्या विषयाचा विस्ताराने अभ्यास मांडला. निष्कर्ष असा निघाला, की ही कर्बोदके फारच कमी प्रमाणात उपयोगी पडतात आणि बरीचशी मलावाटे बाहेर जातात. ऊर्जा देणारे अन्न म्हणून त्यांची किंमत नगण्य आहे. त्या काळचे पोषणशास्त्र उष्मांक आणि प्रथिने मोजण्यात गुंतलेले होते. कारखान्यातील मजुराला आणि आघाडीवरील सैनिकाला किती ऊर्जा पुरवावी हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, म्हणून न पचणारा पदार्थ त्याच्या हिशेबात तुटीच्या बाजूला पडला. साइकी पुढे मायदेशी परतले आणि १९२०च्या सुमारास तोक्योत स्थापन झालेल्या सरकारी पोषण संस्थेचे पहिले प्रमुख झाले. तेथेही त्यांच्यापुढे प्रश्न होता तो अपुऱ्या पोषणाचा. युरोप-अमेरिकेत अगरचा औषधी उपयोग एवढाच उरला, की ते पाणी धरून मळ मऊ करते म्हणून बद्धकोष्ठावर सौम्य सारक म्हणून दिले जाई.

या कुळातील अन्य सदस्यांची कहाणी खाद्यपदार्थ म्हणून सुरूच झाली नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तपकिरी शैवले जाळून काच आणि साबणासाठी लागणारी राख काढण्याचा मोठा धंदा होता. तो एकोणिसाव्या शतकात बसल्यावर, शैवलाचा आणखी काही उपयोग करता येईल का याचा शोध घेताना ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये अल्जिनचे पेटंट घेतले. स्वीडनच्या हाराल्ड क्यूलिन यांनी १९१३ मध्ये फ्युकॉयडन वेगळे केले. आयर्लंडमध्ये कॅराजिननयुक्त शैवल दुधात उकळून खात, ते मुख्यतः आजाऱ्याला. यांपैकी कशाचाही वजनाशी संबंध त्या वेळी कोणी लावलेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातील अगरचा बाजार जवळजवळ संपूर्णपणे जपानच्या हाती होता, आणि युद्धात ही निर्यात थांबताच लसी व औषधांच्या प्रयोगशाळांची मोठी अडचण झाली. न्यूझीलंडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ल्यूसी मूर यांच्या पाहणीच्या आधारे किनाऱ्यावरील लोकांकडून शैवले गोळा करून घेण्यात आली. भारतातही देशी शैवलांपासून अगर काढण्याचे प्रयोग याच काळात झाले. युद्धानंतर यांत्रिक पद्धतीने गोठवणे व दाबून पाणी काढणे शक्य झाले आणि ग्रॅसिलारिया या सहज वाढणाऱ्या शैवलावर अल्कलीची प्रक्रिया करून त्याचे अगर घट्ट थिजवण्याची कृती साधली, तेव्हा निसर्गाच्या थंडीवरचे अवलंबित्व संपले. क्योतोतील रसायनशास्त्रज्ञ चोजी आराकी यांनी याच दशकांत अगरची रचना उलगडली आणि थिजण्याची शक्ती मुख्यतः त्यातील अगरोज या भागात असते, हे दाखवून दिले.

न पचणाऱ्या पदार्थांची प्रतिष्ठा वाढवण्याचे श्रेय मात्र शैवलांच्या अभ्यासकांकडे जात नाही. पूर्व आफ्रिकेत दीर्घकाळ वैद्यकीय काम केलेल्या डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९७०च्या दशकात अशी मांडणी केली, की ज्या समाजाच्या आहारात चोथा भरपूर आहे तेथे मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा आणि आतड्याचे विकार कमी दिसतात. ट्रॉवेल यांनी १९७२ मध्ये आहारतंतूंची जी व्याख्या केली ती वनस्पतींच्या पेशीभित्तिकांच्या अवशेषांपुरती होती. १९७६ मध्ये ती रुंदावून तिच्यात न पचणाऱ्या इतर बहुशर्कराही घेण्यात आल्या आणि त्यांत शैवलांतील बहुशर्करांना जागा मिळाली. अशा रीतीने येलमधील संशोधकांनी सत्तर वर्षांपूर्वी निरुपयोगी ठरवलेले द्रव्य नव्या व्याख्येमुळे आहाराचा आवश्यक भाग बनले. वाळलेल्या कांतेनचे सुमारे तीन चतुर्थांश वजन तंतूंचे असते, इतके प्रमाण फारच थोड्या खाद्यपदार्थांत आढळते.

याच काळात जपानचे ताट बदलत होते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ओकिनावा बेटाचे आहे. होक्काइदोच्या थंड समुद्रात वाढणारे कोंबू हे तपकिरी शैवल ओकिनावाच्या कोमट पाण्यात उगवत नाही. एदो काळात सात्सुमाचे व्यापारी ते चीनच्या व्यापारासाठी र्‍यूक्यू राज्यात, म्हणजे आजच्या ओकिनावात, आणीत असत आणि त्यातूनच डुकराच्या मांसाबरोबर कोंबू शिजवण्याची तेथील पद्धत तयार झाली. मोझुकू हे फ्युकॉयडनयुक्त शैवलही तेथे आवडीने खाल्ले जाते. १९४५ ते १९७२ या अमेरिकी अंमलाच्या काळात डबाबंद मांस, पाव आणि तळलेले पदार्थ बेटावर रुळले, आणि दीर्घायुष्यासाठी ख्याती असलेल्या या प्रांतातील पुरुषांचा आयुर्मानातील क्रमांक २००० सालच्या जनगणनेवर आधारित यादीत एकदम सव्विसावा झाला. जपानी वृत्तपत्रांनी त्याला ‘सव्विसाचा धक्का’ म्हटले. ओकिनावाचे नाव घेऊन शैवलाच्या गोळ्या विकणारे व्यापारी या इतिहासाचा सोयीचा भाग तेवढा सांगतात. जुन्या ओकिनावाच्या आहारातील निम्म्याहून अधिक ऊर्जा रताळ्यातून येत होती, लोक शेतात राबत होते आणि एकूण खाणेच बेताचे होते. या चित्रात शैवलाचा वाटा किती, हे वेगळे काढणे शक्य नाही.

म्हणून माणसांवर केलेल्या चाचण्यांकडे वळणे भाग आहे. योकोहामा येथील संशोधकांनी ग्लुकोज सहन करण्याची क्षमता घटलेल्या किंवा मधुमेह झालेल्या ७६ लठ्ठ रुग्णांचे दोन गट करून एका गटाला पारंपरिक जपानी आहार आणि दुसऱ्याला तोच आहार अधिक रात्रीच्या जेवणात १८० ग्रॅम थिजलेले कांतेन, असे बारा आठवडे दिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कांतेनच्या गटाचे वजन सरासरी २.८ किलोग्रॅम, तर दुसऱ्याचे १.३ किलोग्रॅम घटले. फरक दीड किलोचा होता, चाचणी लहान होती, आणि आपण काय खात आहोत हे सहभागी रुग्णांना दिसत होते. तरीही त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांमुळे जपानभर कांतेनची अशी लाट आली, की दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. नागानोतील इना शोकुहिन कोग्यो ही १९५८ मध्ये स्थापन झालेली आघाडीची कांतेन कंपनी सलग ४८ वर्षे सावकाश आणि अखंड वाढत आलेली होती. या लाटेत तिने उत्पादन वाढवले आणि लाट ओसरताच ती परंपरा खंडित झाली. कंपनीचे प्रमुख हिरोशी त्सुकाकोशी यांनी पुढे आपल्या लेखनातून अशा झटपट वाढीविरुद्ध सातत्याने इशारा दिला.

कांतेनचा परिणाम होण्यामागे साधे कारण आहे. थिजलेले अगर जठरात जागा व्यापते, पण ऊर्जा देत नाही, त्यामुळे जेवण तुलनेने कमी घेतले जाते. अल्जिनेटचे काम थोडे निराळे आहे. जठरातील आम्लात ते घट्ट होते आणि तृप्तीची भावना लांबवते; शिवाय न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी परीक्षानळीत असे दाखवले आहे, की काही प्रकारचे अल्जिनेट लायपेज या मेद तोडणाऱ्या स्वादुपिंडातील विकराचे काम मोठ्या प्रमाणात रोखते. मेद तुटला नाही तर तो शोषला जात नाही. पण परीक्षानळीतील यश आणि माणसाच्या कमरेचा घेर यांत बरेच अंतर असते. कोपनहेगन विद्यापीठात ९६ लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक कमी केलेल्या आहाराबरोबर दररोज तीनदा जेवणापूर्वी अल्जिनेटचे पेय देण्यात आले. ज्यांनी बारा आठवडे पूर्ण केले त्यांच्यात अल्जिनेट गटाचे वजन सुमारे ६.८ किलो आणि दुसऱ्या गटाचे सुमारे ५ किलो घटले. मध्येच सोडून गेलेल्यांसह सर्वांचा हिशेब केल्यावर मात्र हा फरक निर्णायक राहिला नाही. सहभागींपैकी सोळा जण अखेरपर्यंत टिकले नाहीत, आणि रोज तीन वेळा बुळबुळीत पेय पिण्याची कल्पना केली तर यात नवल वाटू नये.

कायटोसानची स्थिती याहून कमकुवत आहे. ‘चरबी शोषणारे चुंबक’ अशी त्याची जाहिरात झाली, परंतु २००८च्या कॉक्रेन समीक्षेत पंधरा चाचण्यांतील १,२१९ सहभागींचा एकत्रित विचार करून असे आढळले, की सरासरी घट १.७ किलोग्रॅमची दिसत असली, तरी जितकी चाचणी काटेकोर तितका परिणाम लहान होतो आणि वैद्यकीय दृष्ट्या त्याला फारसा अर्थ उरत नाही. फ्युकॉयडनविषयीचे बहुतेक उत्साहवर्धक निष्कर्ष मेदयुक्त खाद्य देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांचे आहेत. ऑस्ट्रेलियात लठ्ठ पण मधुमेह नसलेल्या व्यक्तींना नव्वद दिवस फ्युकॉयडन देऊन पाहिले, तेव्हा इन्शुलिनला शरीराकडून मिळणाऱ्या प्रतिसादात सुधारणा आढळली नाही. थोडक्यात, या कुळातील सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि कोणाच्याही पेटंटखाली नसलेला पदार्थ, म्हणजे कांतेन, आजही इतरांच्या बरोबरीने किंवा किंचित पुढेच उभा आहे.

या इतिहासात सर्वांत अनपेक्षित भर २०१० मध्ये फ्रान्समधील रोस्कॉफच्या सागरी संशोधन केंद्राकडून पडली. नोरी या लाल शैवलातील पॉर्फिरन ही बहुशर्करा तोडणारे विकर तेथील संशोधकांना एका सागरी जीवाणूत सापडले, आणि त्याच्या जनुकाचा शोध घेताना तेच जनुक जपानी लोकांच्या आतड्यातील जीवाणूंत आढळले. तपासलेल्या अमेरिकी नमुन्यांत ते नव्हते. शेवाळाबरोबर पोटात गेलेल्या सागरी जीवाणूंकडून आतड्यातील जीवाणूंनी ते जनुक उचलले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. अगर तोडणाऱ्या जनुकांचीही अशीच उदाहरणे पुढे मिळाली. ग्रान यांनी नॉर्वेच्या समुद्रात पाहिलेली क्षमता अशा प्रकारे शेवाळ खाणाऱ्या काही लोकांच्या पोटात उतरली होती. त्यामुळे अगर कोणाच्याच शरीरात मोडत नाही हे जुने विधान दुरुस्त करावे लागते: काहींच्या मोठ्या आतड्यात त्याचे किण्वन होते, त्यातून लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात आणि त्यांचा भूक व चयापचयावर परिणाम होऊ शकतो. यावरून हेही निघते, की एका देशातील चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या देशातील पोटाला जसाच्या तसा लावता येत नाही.

भारतात अगरचा कच्चा माल मुख्यतः तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातून येतो. भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आणि तिच्या मंडपम येथील केंद्राने या शैवलांवर दीर्घकाळ काम केले असून, रामेश्वरम परिसरातील मच्छीमार स्त्रिया कमरेला पिशवी बांधून, बोटांना चिंध्या गुंडाळून जेलिडिएला हे शैवल खडकांवरून खुडून आणतात. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही अनेक जातींची शैवले उगवतात, पण ती खाण्याची परंपरा तेथे रुजलेली दिसत नाही, आणि म्हणून मराठी घरातील चायना ग्रासचा संबंध समुद्रापेक्षा वाण्याच्या दुकानाशीच राहिला. दरम्यान भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, २८.६ टक्के प्रौढांत लठ्ठपणा आणि ३९.५ टक्क्यांत पोटाचा लठ्ठपणा आढळला आहे. कांतेनची चाचणी भात, मासे आणि सोयाबीनच्या जपानी जेवणावर झाली. वरण-भात-पोळीच्या, तळणीच्या आणि चहातल्या साखरेच्या आहारात, शेवाळ पचवण्याची सवय नसलेल्या आतड्यांत तोच परिणाम दिसेल असे गृहीत धरता येत नाही. साखर न घातलेले, भरपूर पाण्यात थिजवलेले चायना ग्रास जेवणात घेऊन किती फरक पडतो, हे भारतीय रुग्णांवर पुरेशा मोठ्या आणि पुरेशा लांब चाचणीत तपासले गेले पाहिजे. आणि ते होईपर्यंत शैवलाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महाग कॅप्सूलवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.